ताटातले जस्त, हाडातले जस्त

1958 साली इराणमधल्या शिराझ शहरातल्या डॉक्टरांसमोर एक रुग्ण उभा राहिला. वय 21 वर्षे. अंगकाठी मात्र दहा वर्षांच्या पोराची. दाढीमिशीचा पत्ता नाही, कातडी कोरडी आणि खरखरीत, यकृत आणि प्लीहा वाढलेली, अंगात रक्त नावापुरते. खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा कळले, की तो जवळजवळ रोटीवरच जगतो आणि रोज अर्धा किलोच्या आसपास माती खातो.

हा रुग्ण डॉ. जेम्स हॅल्स्टेड यांनी दाखवला एका तरुण भारतीय डॉक्टरला. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. पाटण्यात वैद्यकी शिकून ते अमेरिकेत मिनेसोटाला गेले, तिथे डॉक्टरेट केली आणि तिथून शिराझला आले. रक्त कमी आहे याचा अर्थ लोह कमी आहे, इथपर्यंत कोणीही पोचले असते. प्रसादांना खटकले ते वेगळेच. लोहाच्या कमतरतेने माणूस पांढराफटक पडतो, पण एवढा खुरटत नाही. मग खुरटवले कशाने? उंदरांच्या आहारातून जस्त काढून घेतले की त्यांची वाढ थांबते, हे 1934 पासून माहीत होते. पण माणसात जस्ताची कमतरता असूच शकत नाही, असे त्या काळी जाणकार छातीठोकपणे सांगत; कारण जस्त सगळ्याच अन्नात थोडेफार असते.

शिराझच्या परिसरात असे आणखी रुग्ण सापडले. 1961 साली अकरा जणांची हकीकत छापून आली आणि तिच्यात प्रसादांनी जस्ताकडे बोट दाखवले. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी तशाच खुरटलेल्या तरुणांच्या रक्तातले आणि केसांतले जस्त मोजले. ते खरोखरच कमी निघाले. जस्त द्यायला सुरुवात केल्यावर त्यांतले काही जण वर्षभरात 12 ते 15 सेंटिमीटर वाढले. थांबलेली हाडे पुन्हा लांबू लागली.

या गोष्टीतली खरी मेख रोटीत आहे. त्या रोटीत जस्त नव्हते असे नाही. कोंड्यासकट दळलेल्या गव्हात ते असतेच. पण त्याच कोंड्यात फायटिक आम्ल असते आणि ते जस्ताला घट्ट धरून ठेवते. पीठ आंबवले तर ही पकड बरीच सैल होते; ती रोटी बिनआंबवलेली होती. त्यात मातीची भर पडली, आणि मातीही जस्त धरून ठेवते. थोडक्यात, जस्त ताटात होते, अंगी लागत नव्हते. असणे आणि सुटणे यांतला हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण चाळीस-पन्नास वर्षांनंतर तो एका अगदी वेगळ्या जागी, काचेच्या तुकड्यात, पुन्हा पुढे येणार होता.

आता 1967. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सॅगमोर इथे लष्कराने पदार्थ-संशोधनाची परिषद भरवली होती. तिकडे निघालेल्या बसमध्ये लॅरी हेंच नावाचा फ्लोरिडा विद्यापीठातला प्राध्यापक बसला होता. तिशीही न गाठलेला हा माणूस सिरॅमिक आणि काच यांत मुरलेला. त्याचे काम होते किरणोत्साराच्या माऱ्यातही तग धरतील असे काचेचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणे. शेजारच्या आसनावर होते कर्नल क्लिंकर. ते नुकतेच व्हिएतनामहून परतले होते आणि लष्कराच्या वैद्यकीय पुरवठ्याचे काम पाहत.

कर्नलसाहेबांनी हेंचचे बोलणे ऐकून घेतले आणि एक साधा प्रश्न टाकला. किरणांच्या माऱ्यात टिकणारा पदार्थ बनवता येतो, तर माणसाच्या शरीरात टिकणारा का बनवता येऊ नये? त्यांच्या डोळ्यांसमोर युद्धात जखमी झालेले जवान होते. हाडाचे तुकडे उडालेले. आत बसवायला काय, तर धातू आणि प्लास्टिक, आणि ते शरीर स्वीकारत नाही. अखेर हातपाय कापावे लागतात.

शरीर स्वीकारत नाही याचा अर्थ काय होता? पोलाद असो, कोबाल्ट-क्रोम असो की प्लास्टिक, शरीर त्याला परका समजून त्याच्याभोवती व्रणाच्या तंतूंची पिशवी विणते. हाड आणि रॉड यांच्यामध्ये ती पिशवी कायमची राहते. सांधा हलला की रॉड किंचित हलतो, हलता हलता सैल होतो. त्या वेळचे शास्त्रज्ञ यावर एकच तोडगा शोधत होते: पदार्थ इतका मुका हवा, की शरीराला त्याची चाहूलच लागू नये. गंजू नये, विरघळू नये, कशाशी बोलू नये.

हेंचने परत आल्यावर उलट्या टोकाने विचार केला. हाड हे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, आणि त्यात गुंफलेले कोलॅजन. धातू किंवा प्लास्टिक शरीराच्या ओळखीचे नाही म्हणून शरीर त्याला वाळीत टाकते. मग ज्याच्या पृष्ठभागावर शरीरातच हाडाच्या खनिजाचा थर चढेल, असा पदार्थ बनवला तर? 1968 साली त्याने हा प्रस्ताव लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाकडे पाठवला आणि 1969 च्या अखेरीस त्याला पैसे मिळाले.

काच निवडताना हेंचने सिलिका, सोडियम ऑक्साइड आणि कॅल्शियम ऑक्साइड यांचे असे प्रमाण धरले, की मिश्रण भट्टीत सहज वितळावे. त्यात थोडे फॉस्फरसचे ऑक्साइड टाकले. वजनाने 45 टक्के सिलिका, साडेचोवीस टक्के सोडियम ऑक्साइड, तितकेच कॅल्शियम ऑक्साइड आणि 6 टक्के फॉस्फरसचे ऑक्साइड. ही काच पुढे 45S5 या नावाने जगभर गेली. नावातले 45 हे त्या सिलिकेचे.

या आकड्याचे महत्त्व कळायला घराच्या खिडकीकडे पाहावे. खिडकीच्या काचेत सत्तर टक्क्यांहून अधिक सिलिका असते. सिलिकेचे एक घर म्हणजे मधोमध सिलिकॉनचा अणू आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन. ही घरे कोपऱ्याला कोपरा लावून सगळ्या बाजूंनी जोडलेली असतात, म्हणून कित्येक पावसाळे अंगावर घेऊनही खिडकीची काच झिजत नाही. सोडियम आणि कॅल्शियम या जाळ्यात शिरले की जोडलेले कोपरे सुटतात. हेंचच्या काचेत ते इतके होते, की जाळे जागोजाग उसवलेलेच होते. अशी काच खिडकीला बसवली तर लवकरच धुरकट होईल. काचेच्या धंद्यातल्या कोणालाही हा माल कच्चाच वाटला असता.

हा कच्चा माल छोट्या चौकोनी तुकड्यांत ओतून विद्यापीठातले अस्थिशल्यचिकित्सक टेड ग्रीनली यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवला. सहा आठवड्यांनी तुकडे काढून पाहायचे ठरले होते. ग्रीनलींचा हेंचला फोन आला तो तक्रारीच्या सुरात: दिलेस तरी काय हे? तुकडे निघतच नाहीत. त्यांनी ओढून पाहिले, ढकलून पाहिले, शेवटी हाड तडकले, पण काच जागची हलली नाही. मराठीत आपण एखादी सवय हाडीमासी खिळली म्हणतो; ही काच शब्दशः हाडी खिळली होती. 1971 साली हे काम प्रसिद्ध झाले आणि जैवसक्रिय काच हा नवा विषय उभा राहिला.

खिळण्याची क्रिया पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने उलगडली. काच शरीरातल्या द्रवात गेली की सगळ्यांत आधी सोडियम बाहेर पडतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन आत येतो. त्यामुळे भोवतालच्या द्रवाचा सामू वाढतो, म्हणजे तो अल्कधर्मी होतो. मग सिलिकेचे जाळे पृष्ठभागावर तुटते आणि पुन्हा सांधून जेलीसारखा थर धरते. त्या थरावर कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन बसतात, आधी विस्कळीत, मग स्फटिक होऊन. हे स्फटिक हाडातल्या खनिजासारखेच असतात. कोलॅजनचे तंतू त्यात गुंततात आणि हाड कुठे संपले, काच कुठे सुरू झाली, ते सांगता येईनासे होते. या सगळ्याची सुरुवात काच विरघळण्यातून होते. न विरघळणारी काच शरीराच्या लेखी नुसता दगड.

दवाखान्यात मात्र ही काच उशिरा पोचली, आणि ज्या जवानांसाठी ती शोधली त्यांच्या मोडक्या पायांपर्यंत सुरुवातीला पोचलीच नाही. काच ठिसूळ, तिच्यावर शरीराचा भार टाकता येत नाही. 1985 साली अमेरिकेत तिच्या पहिल्या वापराला परवानगी मिळाली ती कानासाठी. मध्यकर्णातली नाजूक हाडे संसर्गाने नष्ट झाली, तर त्यांच्या जागी काचेचा छोटा तुकडा बसवून आवाज आत पोचवायचा. शरीरातले सगळ्यांत लहान हाड, रिकिबीच्या आकाराचे, याच साखळीत असते. नंतर दात पडलेल्या हिरडीत बसवायचे तुकडे आले. 1993 पासून दातांभोवती झिजलेले हाड भरायला काचेची भुकटी आली. याच काचेची बारीक पूड आज दात शिवशिवणाऱ्यांसाठीच्या काही टूथपेस्टमध्येही असते.

तिशी ओलांडलेल्या या शोधाला दुसरे वळण मिळाले लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. हेंच तिथे गेले होते. तिथे त्यांना ज्युलिया पोलाक भेटल्या. मूळच्या ब्युनोस आयर्सच्या या विदुषी फुप्फुसांच्या विकारांच्या तज्ज्ञ, आणि 1995 मध्ये त्यांच्या स्वतःच्या शरीरात दुसऱ्याचे हृदय आणि फुप्फुसे बसवावी लागली होती. या दोघांच्या गटाने काचेचा तुकडा बाजूला ठेवला आणि काच बुडवून काढलेले नुसते पाणी हाड बांधणाऱ्या मानवी पेशींना दिले. 2000 आणि 2001 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले ते चकित करणारे होते. पाण्यात उतरलेल्या आयनांनीच पेशींची वाढ वेगाने झाली, आणि वाढीशी निगडित कितीतरी जनुके जागी झाली. काच हाडाला आधार देत होती, तशी काही सांगतही होती.

एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न ओघाने आला. काच विरघळताना पेशींना निरोप देते, तर निरोपाचा मजकूर आपण ठरवू शकतो. काचेत काय घालायचे? स्ट्रॉन्शियम, तांबे, चांदी, मॅग्नेशियम अशी यादी लांबत गेली. तिच्यात जस्ताचे नाव वर होते, आणि त्याची शिफारस करणारे काम जपानमधून आधीच आले होते.

प्रौढ माणसाच्या अंगात जेमतेम दोन-तीन ग्रॅम जस्त असते. त्यातला जवळपास तिसरा वाटा हाडांत. रक्ततपासणीच्या कागदावर अल्कलाइन फॉस्फेटेज अशी एक ओळ असते. ते विकर जस्ताशिवाय चालत नाही आणि हाडात खनिज भरण्याच्या कामात ते लागतेच. जपानमधल्या मासायोशी यामागुची यांनी 1980 च्या दशकापासून दाखवून दिले, की जस्ताने हाड बांधणाऱ्या पेशींना चालना मिळते. पुढे हेही दिसले, की हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होण्यालाही ते आळा घालते. म्हणजे गवंड्याला हुरूप आणि पाडकाम करणाऱ्याला लगाम, दोन्ही एकाच धातूकडून. शिवाय जस्त जंतूंना मारक.

जपानमध्येच अत्सुओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या सिरॅमिकमध्ये जस्त घालून ते सशांच्या मांडीच्या हाडात बसवले. वजनाने 0.316 टक्के जस्ताने नवे हाड जास्त बनले. प्रमाण त्याहून वाढवले, तेव्हा उलट हाड झिजू लागले. मिठाची चिमूट आणि मिठाची मूठ यांत जे अंतर, तेच इथे.

काचेत जस्त आधी शिरले ते दुसऱ्याच दाराने. दातात भरायच्या सिमेंटचा एक प्रकार अ‍ॅल्युमिनियम असलेल्या काचेपासून बनतो. दातात तो उत्तम काम देतो. पण हाडांच्या शस्त्रक्रियेत, विशेषतः कान आणि कवटी यांच्या आसपास, तो वापरल्यावर अ‍ॅल्युमिनियम मेंदूपर्यंत पोचून घात झाल्याची उदाहरणे 1990 च्या दशकात समोर आली. अ‍ॅल्युमिनियमची जागा कोण घेईल याचा शोध घेताना रॉबर्ट हिल यांच्यासारख्या संशोधकांनी जस्त निवडले. दातांच्या डॉक्टरांना जस्त काही नवे नव्हते. खुर्चीत बसल्याबरोबर येणारा लवंगेचा वास हा जस्ताचे ऑक्साइड आणि लवंगतेलाचा अर्क यांच्या तात्पुरत्या सिमेंटचा. काचेत घालतात तेही हेच ऑक्साइड, अंगाला खाज सुटल्यावर लावायच्या गुलाबी औषधात असते ती पांढरी भुकटी.

2000 नंतर हेंचच्या काचेत ही भुकटी मिसळण्याचे प्रयोग ठिकठिकाणी सुरू झाले. इटलीत मोडेना आणि तुरिन इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी या कामात बरीच वर्षे घातली. भट्टीत वितळवून केलेल्या काचा झाल्या, तशा कमी तापमानाला द्रावणातून घट्ट करून बनवलेल्या सच्छिद्र काचाही झाल्या. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतही वेगवेगळी मूलद्रव्ये मिसळलेल्या जैवसक्रिय काचांवर काम झाले आहे.

सगळ्यांना एकच अडचण आडवी आली, आणि ती जस्ताच्या स्वभावात होती. सोडियम आणि कॅल्शियम जाळे उसवतात. जस्ताचे तसे नाही. काचेत ते पुष्कळदा सिलिकॉनसारखेच वागते: चार ऑक्सिजन भोवती घेऊन स्वतःचे घर करते आणि जाळ्याचा भाग होऊन बसते. अशा घरावर जास्तीचा ऋण भार असतो. तो फेडायला एखादा कॅल्शियम किंवा दोन सोडियम त्याच्या दाराशी अडकून पडतात. जे बाहेर पडून सगळ्या क्रियेला सुरुवात करून देणार होते, तेच आत बांधले जातात. परिणामी काच मजबूत होते आणि हळू विरघळते. सामू झटकन चढत नाही, ही पेशींच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण खनिजाचा थरही उशिरा चढतो. त्यात भर म्हणजे जे जस्त सुटते ते वाढत्या स्फटिकांच्या कडांवर बसून त्यांची वाढ रोखते. हाडाला मदत करायला घातलेला धातू हाडाशी काचेची गाठ पडायलाच वेळ लावतो.

तुरिनच्या गटाने 5 टक्क्यांपासून 20 टक्क्यांपर्यंत जस्त असलेल्या काचा केल्या आणि 2007 मध्ये त्यांचा मानवी हाडपेशींवरचा परिणाम प्रसिद्ध केला. जस्त भरपूर असलेल्या काचेजवळ पेशींना इजा झाली. पेशीचे आवरण फाटले की जे विकर बाहेर सांडते ते द्रवात सापडले, आणि पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आल्याच्या खुणा दिसल्या. जस्त कमी ठेवले तेव्हा पेशींनी ते सोसले.

दोन वर्षांनी फिनलंडमधल्या टाम्पेरे इथून उलट बाजूची बातमी आली. तिथे सुवी हायमी आणि सहकाऱ्यांनी थोडे थोडे जस्त घातलेल्या काचेच्या सच्छिद्र चौकटींवर चरबीतून मिळवलेल्या मानवी मूळपेशी वाढवल्या. अपेक्षा अशी, की जस्ताने त्या भराभर हाडपेशी बनतील. तसे झाले नाही. जस्ताने काचेचे विरघळणे मंदावले होते, आणि त्याबरोबर काचेचा मूळचा प्रभावही ओसरला होता. विष झाले नाही, पण औषधही झाले नाही.

शिराझची रोटी इथे आठवते. तिच्यात जस्त होते, कोंड्याने धरून ठेवलेले. या काचेतही जस्त होते, सिलिकेच्या जाळ्याने धरलेले. डब्यावर लिहिलेल्या टक्केवारीने पेशीला काही फरक पडत नाही. तिच्यापर्यंत दर दिवशी किती पोचते, यावर तिचे सगळे अवलंबून. म्हणून पुढच्या काळात संशोधकांनी जस्ताचा आकडा वाढवण्यापेक्षा ते बाहेर कसे पडेल याकडे लक्ष वळवले. काच जास्त सच्छिद्र करायची, म्हणजे द्रवाला शिरायला जागा मिळते. जस्ताबरोबर कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे प्रमाण बदलायचे, म्हणजे जाळे फार घट्ट होत नाही. सोडियम पूर्ण काढून टाकलेल्या काचांत जस्त कसे वागते, हेही संगणकावर अणूंच्या हालचाली मांडून तपासले गेले.

दवाखान्यात आज मान्यता पावलेल्या प्रमुख जैवसक्रिय काचांत जस्त नाही. 45S5 आहे, आणि फिनलंडमधल्या तुर्कूची S53P4 आहे. त्या दुसऱ्या काचेत 53 टक्के सिलिका, आणि ती हाडातल्या जुनाट संसर्गातही वापरली जाते. तिचा जंतुनाशक गुण जस्तातून आलेला नाही. विरघळताना चढणारा सामू आणि दाटलेले क्षार यांतून तो येतो. जस्तवाली काच अजून मुख्यतः पेशींच्या थाळ्यांत आणि प्राण्यांच्या हाडांत आहे. एका माणसाला किती जस्त, किती दिवस, कोणत्या वेगाने, याचे उत्तर हाडागणिक बदलणार: तरुणाच्या ताज्या मोडलेल्या हाडाचे एक, म्हातारपणी पोखरलेल्या मणक्याचे दुसरे.

लॅरी हेंच 2015 साली गेले, आनंद प्रसाद 2022 साली. एकाने काच विरघळू दिली म्हणून हाडाला ती आपली वाटली. दुसऱ्याने रोटीत अडकलेले जस्त ओळखले म्हणून खुरटलेली मुले वाढू लागली. आज कुठल्याशा प्रयोगशाळेत कोणीतरी काट्यावर पांढरी भुकटी तोलत असेल, पाच ग्रॅमच्या जवळ आली की चमचा हलकेच झटकत असेल. शंभर ग्रॅमच्या घाण्यात ती भुकटी मिसळेल, भट्टीत वितळेल, काच होईल. तोलायला सोपी तीच. भट्टीतून निघालेली काच ती परत किती देईल, हे मात्र काट्यावर कळत नाही. त्यासाठी तुकडा द्रवात बुडवून दिवसचे दिवस वाट पाहावी लागते.